गाळाची साक्ष

नदीचें किंवा समुद्राचें पाणी तपासावयाचें म्हणजे एक बाटली भरून घ्यावी, प्रयोगशाळेंत न्यावी आणि त्या पाण्यांत काय काय विरघळलें आहे तें पाहावें, अशी आपली साधारण कल्पना असते. ही कल्पना चुकीची नाहीं, पण अपुरी आहे. पाणी हा मोठा विसराळू साक्षीदार आहे. सकाळीं त्यांत सोडलेलें द्रव्य संध्याकाळीं कोसभर पुढें गेलेलें असतें. भरती-ओहोटी तें पसरविते, पाऊस तें पातळ करतो, आणि परीक्षक बाटली घेऊन येतो तेव्हां त्याच्या हातीं बहुधा निर्दोष पाणी लागतें. तळाशीं बसणारा गाळ मात्र आपल्या जागीं राहतो. शिसें, कॅडमियम, पारा यांसारखे जड धातु मातीच्या बारीक कणांना चिकटून खालीं बसतात आणि वर्षामागून वर्ष थरावर थर चढत जातो. जुन्या पेढीच्या वह्या माडीवर धूळ खात पडाव्या, पण त्यांतली एकहि रक्कम खोडली जाऊं नये, तसा हा प्रकार आहे.

जपानांतील मिनामाता येथें पाऱ्यानें जो अनर्थ केला त्याचें नांव आपल्याकडील सुशिक्षितांच्या कानांवरून गेलेलें आहे. परंतु त्या अनर्थाचें कारण कसें शोधलें गेलें, तें कोणत्या सालीं किती कळलें होतें, आणि कळल्यानंतर काय झालें, हा इतिहास फारसा परिचित नाहीं. तो येथें थोडक्यांत सांगावा असा आमचा हेतु आहे. या इतिहासांत रसायनशास्त्राचा विजय आहे, यांत शंका नाहीं; पण त्या विजयाची वाट पाहतां पाहतां माणसें मेलीं, आणि आईच्या पोटांतलीं मुलें जन्मापूर्वींच अपंग झालीं. म्हणून हा इतिहास वाचतांना एक प्रश्न पुन्हां पुन्हां समोर उभा राहतो. शास्त्राचें समाधान होण्यास जेवढा पुरावा लागतो, तेवढाच पुरावा घातक कृत्य थांबविण्यासहि लागावा काय?

क्यूशू हें जपानच्या चार मुख्य बेटांपैकीं नैर्ऋत्येकडील बेट. त्याच्या पश्चिम किनाऱ्याला शिरानुइ नांवाचा, लहानमोठ्या बेटांनीं वेढलेला, तळ्यासारखा संथ समुद्र आहे. आणि त्याच्या कांठीं, कुमामोतो प्रांतांत, मिनामाता गांव वसलें आहे. गांवच्या आसपासचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या याच उपसागरावर पोट भरीत आले. १९०८ सालीं निप्पॉन चिस्सो या कंपनीनें येथें कारखाना उभारला. चिस्सो या जपानी शब्दाचा अर्थच नायट्रोजन. आरंभीं कार्बाइड व खतें हाच तिचा मुख्य व्यवसाय होता. कारखाना वाढला तसें गांव वाढलें. नोकरी कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, नगराच्या उत्पन्नाचा मोठा भाग कारखान्याच्या करांतून, अशी स्थिति हळूहळू आली. कोळ्यांचें आणि कारखान्याचें मात्र फार पूर्वींपासून जमत नव्हतें. मासळी घटल्याबद्दल १९२६ सालीं आणि पुन्हां १९४३ सालीं कंपनीनें त्यांना नुकसानभरपाई दिली होती. म्हणजे सांडपाण्यानें समुद्र बिघडतो ही गोष्ट दोन्ही पक्षांना ठाऊक होती. ती पैशानें मिटते, अशी समजूत होती इतकेंच.

१९३२ सालीं या कारखान्यांत ॲसिटाल्डिहाइड नांवाचें रसायन तयार होऊं लागलें. तें पुढें प्लॅस्टिक वगैरे अनेक वस्तूंच्या कामीं येई. कार्बाइडपासून निघणारा ॲसिटिलीन वायु पाण्याशीं संयोग पावावा म्हणून त्या भांड्यांत पाऱ्याचें एक संयुग घालीत. हा पारा स्वतः मालांत जात नाहीं, फक्त क्रिया घडवून आणतो. म्हणून तो वाया जात नाहीं असें वरवर पाहतां वाटतें. पण प्रत्यक्षांत कांहीं भाग सांडपाण्याबरोबर निसटे, आणि त्यांतला थोडासा अंश भांड्यांतच मिथिल पारा या सेंद्रिय संयुगाचें रूप घेई. आमच्या रसवैद्यांनीं पाऱ्यावर अठरा संस्कार सांगितले, ते या धातूचें भय ओळखूनच. परंतु थर्मामीटरमधल्या पाऱ्याशीं तुलना केली तर मिथिल पारा हा कितीतरी दारुण आहे. तो अन्नावाटे पोटांत गेला कीं बहुतेक सगळा रक्तांत उतरतो, मेंदूंत शिरतो आणि तेथील पेशी कायमच्या मारतो. १९५१ सालीं कारखान्यानें या क्रियेंतील एक साहाय्यक द्रव्य बदललें, आणि त्यामुळें या विषारी अंशाचें प्रमाण वाढलें, असें पुढें दिसून आलें. त्याच दशकांत उत्पादनहि झपाट्यानें वाढत होतें.

समुद्रानें इशारे दिले नाहींत असें नव्हे. १९५० नंतरच्या वर्षांत मिनामाताच्या उपसागरांत मासे मरून तरंगूं लागले. कोळ्यांच्या घरचीं मांजरें एकाएकीं झिंगल्यासारखीं करीत, गरगर फिरत, भिंतीवर आदळत आणि मरत. लोकांनीं त्याला मांजरांच्या नाचाचा रोग असें नांव दिलें. उंदीर वाढले म्हणून बाहेरून मांजरें आणलीं, तर तींहि त्याच वाटेनें गेलीं. मांजर आणि कोळी यांचें अन्न एकच होतें, हें तेव्हां कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

१९५६ च्या एप्रिलांत पांच वर्षांची एक मुलगी कारखान्याच्या दवाखान्यांत आणली गेली. तिला चालतां येईना, बोलणें अडखळे, हातांत घास धरवेना. थोड्याच दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीला तेंच झालें, आणि शेजारपाजारींहि तसेच रोगी असल्याचें कळलें. दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनीं १ मे १९५६ रोजीं आरोग्य-कचेरीस कळविलें कीं, मज्जासंस्थेचा एक अज्ञात रोग गांवांत पसरत आहे. आज हीच तारीख मिनामाता रोगाच्या अधिकृत शोधाची तारीख मानतात. प्रथम तो सांसर्गिक असावा असें वाटून रोग्यांना वेगळें ठेवण्यांत आलें व त्यांच्या घरांवर औषध फवारण्यांत आलें. शेजाऱ्यांनीं त्यांच्याशीं व्यवहार टाकला. तो कलंक कित्येक वर्षें पुसला गेला नाहीं.

ऑगस्ट १९५६ मध्यें कुमामोतो विद्यापीठांत संशोधन-मंडळ नेमलें गेलें. त्यानें संसर्गाची कल्पना लौकरच टाकून दिली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आपलें पहिलें मत सांगितलें: हा रोग कोणत्यातरी जड धातूच्या विषबाधेनें होत असावा, आणि तें विष मुख्यतः मासे व शिंपले यांच्यावाटे शरीरांत जात असावें. रोगाची पहिली वर्दी मिळून सहा महिनेच झाले होते, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढच्या वर्षीं आरोग्य-कचेरीचे प्रमुख इतो हासुओ यांनीं उपसागरांतील मासे निरोगी मांजरांना खाऊं घातले, आणि त्या मांजरांना तोच रोग झाला. विष कोणतें तें ठाऊक नव्हतें. पण तें कोणत्या ताटांतून येतें तें आतां दिसत होतें.

यावर प्रांताच्या अधिकाऱ्यांनीं मध्यवर्ती आरोग्य-खात्याला विचारलें कीं, अन्नस्वच्छतेच्या कायद्यानें या उपसागरांतील मासळीवर बंदी घालतां येईल काय? सप्टेंबर १९५७ मध्यें उत्तर आलें कीं, उपसागरांतील सर्वच मासळी विषारी झाली आहे असा स्पष्ट आधार नाहीं, तेव्हां हा कायदा लावतां येत नाहीं. जेवणावळींत विषबाधा झाली, तर कोणत्या पदार्थाचा कोणता कण बाधला हें ठरेपर्यंत पंगत चालूं ठेवा, असें कोणताहि शहाणा यजमान म्हणणार नाहीं. तेथें मात्र पंगत चालूं राहिली.

आतां शास्त्रज्ञांपुढची अडचण पाहूं. उपसागराच्या तळचा गाळ तपासला, तेव्हां त्यांत एकच नव्हे, अनेक विषें निघालीं: मँगेनीज, सेलेनियम, थॅलियम, शिसें, तांबें. यांपैकीं प्रत्येकावर आळीपाळीनें संशय गेला; प्रत्येक द्रव्य मांजरांना देऊन पाहिलें, पण हुबेहूब तो रोग कशानेंच उमटेना. कारखान्यांत काय वापरतात, काय सोडून देतात, ही माहिती संशोधकांना मिळत नव्हती. पाऱ्याकडे लक्ष न जाण्यास आणखी एक साधें कारण होतें: पारा महाग असतो, आणि एवढी महाग वस्तु कोणी समुद्रांत सोडून देईल हें कोणास खरें वाटलें नसतें.

मार्ग दाखविला तो रोग्यांच्या मेंदूनें. मृत रोग्यांच्या शवपरीक्षेंत ताकेउचि तादाओ यांना लहान मेंदूंतील व दृष्टीच्या केंद्रांतील पेशी एका विशिष्ट रीतीनें नष्ट झालेल्या आढळल्या. मार्च १९५८ मध्यें डग्लस मॅकआल्पाइन नांवाचे एक ब्रिटिश मज्जारोगतज्ज्ञ मिनामाता येथें आले. दृष्टीची कक्षा नळींतून पाहिल्यासारखी आकुंचित होणें, तोल जाणें, बोबडें बोलणें हीं लक्षणें पाहून त्यांना इंग्लंडांतील एका जुन्या प्रकरणाची आठवण झाली. बियाण्याला लावण्याचें मिथिल पाऱ्याचें औषध करणाऱ्या एका कारखान्यांतील कामगारांना अशीच बाधा झाली होती, आणि हंटर, बॉमफर्ड व रसेल यांनीं १९४० सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. वाङ्मयांत वीस वर्षें पडून असलेला एक निबंध अशा रीतीनें दुसऱ्या खंडांत कामास आला.

सुगावा लागल्यावर मंडळानें पुन्हां गाळाकडे धाव घेतली. त्या काळीं डायथायझोन नांवाच्या द्रव्यानें रंग आणून, त्या रंगाच्या गडदपणावरून पाऱ्याचें मान ठरवीत असत. ही रीत किचकट होती, आणि पारा कोणत्या रूपांत आहे हें तिनें कळत नसे. एकूण किती आहे एवढेंच कळे. पण तेवढेंहि पुरेसें ठरलें. कारखान्याचें सांडपाणी ह्याक्केन नांवाच्या मुखापाशीं उपसागरांत पडे. तेथील गाळांत एका टनाला सुमारे २ किलो पारा निघाला. मुखापासून जसजसें दूर जावें तसतसें हें प्रमाण उतरत जाई. रोग्यांच्या केसांतहि पारा सांपडला. एका रोग्याच्या केसांत तो दशलक्ष भागांत ७०५ भाग इतका भरला. पाण्यानें जी गोष्ट कधींच लपवून टाकली होती, ती गाळानें अंतरासह आणि दिशेसह सांगितली. त्या नकाशावर बोट ठेवून कोणत्याहि पोरानें कारखान्याचें मुख दाखविलें असतें.

याच सुमारास कारखान्यानें नकळत एक भयंकर प्रयोग करून ठेवला होता. सप्टेंबर १९५८ मध्यें ॲसिटाल्डिहाइडचें सांडपाणी ह्याक्केनकडे न सोडतां मिनामाता नदीच्या मुखाकडे वळविण्यांत आलें. नदीचा प्रवाह व ओहोटी यांनीं तें उपसागराबाहेरच्या मोकळ्या समुद्रांत नेलें. पुढच्याच वर्षापासून नदीमुखाजवळ आणि उत्तरेच्या किनाऱ्यावरील गांवांत नवे रोगी दिसूं लागले. प्रवाह वळला, रोग वळला. प्रयोगशाळेंत बसून याहून स्वच्छ सिद्धता कोणास सुचली नसती. ती जिवंत माणसांवर झाली, हेंच तिचें दुर्दैव.

२२ जुलै १९५९ रोजीं मंडळानें आपला निष्कर्ष जाहीर केला कीं, रोगाचें कारण पारा, आणि तोहि सेंद्रिय रूपांतला, असला पाहिजे. लगेच आक्षेपांचा पाऊस पडला. आम्ही कारखान्यांत निरिंद्रिय पारा वापरतों, त्याचा सेंद्रिय पारा कोठें व कसा होतो तें दाखवा, असें कंपनीचें म्हणणें होतें. रसायन-उद्योगाच्या संघाच्या वतीनें सांगण्यांत आलें कीं, युद्धसमाप्तीच्या वेळीं समुद्रांत टाकलेला दारूगोळा याला कारण असावा. तोक्योंतील एका प्राध्यापकांनीं सडलेल्या मासळींतील अमाइन द्रव्यांचा सिद्धांत पुढें केला. या मतांना गाळाचा आधार नव्हता. पण तज्ज्ञांत मतभेद आहे एवढें म्हणण्यास तीं उपयोगीं पडलीं. नोव्हेंबर १९५९ मध्यें आरोग्य-खात्याच्या सल्लागार समितीनेंहि सेंद्रिय पाऱ्याचेंच कारण मान्य केलें, आणि तो अहवाल देतांच तिची त्यासाठीं नेमलेली शाखा बरखास्त झाली.

कारखान्याच्या भिंतीआड तर याहूनहि मोठी गोष्ट घडली होती. ज्या होसोकावांनीं रोगाची पहिली वर्दी दिली, त्यांनीं जुलै १९५९ मध्यें ॲसिटाल्डिहाइड विभागाचें सांडपाणीच अन्नांत मिसळून एका मांजराला देण्यास सुरुवात केली. प्रयोगवहींत त्या मांजराचा क्रमांक ४०० होता. ऑक्टोबरांत त्याला रोग झाला. कंपनीनें ही गोष्ट प्रसिद्ध होऊं दिली नाहीं. अकरा वर्षांनीं, १९७० सालीं, होसोकावांनीं मृत्युशय्येवरून कोर्टापुढें ती सांगितली, आणि त्याच वर्षीं ते वारले. रोग उजेडांत आणणारा आणि प्रयोग उरांत दडपून ठेवावा लागलेला मनुष्य एकच असावा, हा योग चमत्कारिक खरा. पगार देणाऱ्याच्या प्रयोगशाळेंत सत्य सांपडलें तर तें कोणाच्या मालकीचें, या प्रश्नाचें उत्तर आजहि सर्वत्र निकालांत निघालें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

कोळ्यांचा संताप अनावर झाला होता. नोव्हेंबर १९५९ मध्यें ते कारखान्यांत घुसले. सरकारी दडपणहि आलें, आणि कंपनीनें वर्षअखेरीस सांडपाणी शुद्ध करणारें सायक्लेटर नांवाचें यंत्र बसविलें. २४ डिसेंबर १९५९ रोजीं त्याचा समारंभ झाला, आणि यंत्रांतून निघालेलें पाणी म्हणून कंपनीच्या अध्यक्षांनीं सर्वांसमक्ष एक प्याला पाणी पिऊन दाखविलें. पाहणाऱ्यांची खात्री पटली. वास्तविक त्या यंत्राची रचना गढूळपणा व आम्लता घालविण्यासाठीं होती. विरघळलेला सेंद्रिय पारा काढून घेणें हें तिचें कामच नव्हतें, आणि ॲसिटाल्डिहाइडचें पाणी त्या वेळीं त्या यंत्रांतून जातहि नव्हतें. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरली. शुद्धीकरणाच्या शास्त्राला या प्रसंगानें एक धडा दिला आहे. कोणत्याहि शुद्धियंत्राविषयीं पहिला प्रश्न असा विचारावा: हें नेमकें कोणतें द्रव्य काढण्यासाठीं बांधलें आहे? पाणी नितळ दिसतें काय, हा प्रश्न नंतरचा. मिथिल पाऱ्याला रंग नाहीं आणि तो पाण्यास गढूळ करीत नाहीं.

त्याच महिन्याच्या ३० तारखेस रोग्यांशीं करार झाला. मृताबद्दल ३ लक्ष येन, जिवंत प्रौढ रोग्यास वर्षाला १ लक्ष येन, अशी सहानुभूतीची देणगी ठरली. तिच्याबरोबर एक कलम होतें: पुढें कारखाना दोषी ठरला तरी आणखी भरपाई मागावयाची नाहीं. कलम लिहिणाऱ्याला भविष्यांतील निकालाची धास्ती होती, हें त्या कलमावरूनच उघड होतें. १९७३ सालीं कुमामोतोच्या न्यायालयानें हा करार नीतिविरुद्ध म्हणून रद्द ठरविला.

यंत्र बसलें, करार झाला, आणि रोग संपला असें सर्वांनीं मानलें. पण मिनामाताच्या घरांतून जन्मापासूनच मान न सांवरणारीं, न बोलणारीं मुलें होतीं. त्यांनीं मासा कधीं तोंडांत घातला नव्हता, म्हणून त्यांचा रोग वेगळा समजत. आईची वार विषाला अडविते, असा तत्कालीन वैद्यकाचा विश्वास होता. हारादा मासाझुमि यांनीं व इतरांनीं या मुलांचा अभ्यास केला, आणि नोव्हेंबर १९६२ मध्यें अशा १६ मुलांना गर्भांतच विषबाधा झाल्याचें मान्य करण्यांत आलें. पुष्कळ माता वरून निरोगी दिसत होत्या. त्यांच्या वांट्याचें विष मुलानें घेतलें होतें. जपानांत मुलाची वाळलेली नाळ लहानशा पेटींत जपून ठेवण्याची चाल आहे. पुढें संशोधकांनीं घरोघर जपलेल्या या नाळा तपासल्या, तेव्हां ज्या वर्षीं कारखान्याचें उत्पादन अधिक, त्या सुमाराच्या नाळेंत मिथिल पारा अधिक, असा मेळ निघाला. समुद्राच्या तळाशीं गाळानें जी नोंद ठेवली होती, तिचीच दुसरी प्रत आयांनीं मायेनें घरांत जपून ठेवली होती.

शास्त्रीय साखळींतील शेवटचा दुवा इरुकायामा कात्सुरो यांनीं जोडला. उचिदा माकिओ यांनीं उपसागरांतील शिंपल्यांतून मिथिल पाऱ्याचें संयुग स्फटिकरूपानें वेगळें केलेंच होतें. इरुकायामांनीं प्रत्यक्ष ॲसिटाल्डिहाइडच्या भांड्यांतील गाळांतून मिथिल पारा काढून दाखविला, आणि फेब्रुवारी १९६३ मध्यें मंडळानें तें जाहीर केलें. सेंद्रिय पारा कोठें होतो तें दाखवा, या प्रश्नाचें उत्तर कारखान्याच्या भांड्याच्या बुडाशीं होतें. आतां कोणाचाहि आक्षेप उरावयास नको होता. तरीहि ती क्रिया चालूं राहिली.

या उशिराचें फळ दुसऱ्या एका नदीनें भोगलें. होन्शू बेटावर निइगाता प्रांतांत आगानो नांवाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगास कानोसे येथें शोवा डेन्को कंपनीचा कारखाना याच रीतीनें ॲसिटाल्डिहाइड तयार करीत असे. १९६५ सालीं नदीच्या खालच्या अंगास, मुखापासून सुमारें ६० किलोमीटरवरील त्या कारखान्याचें नांवहि ज्यांच्या मनांत आलें नसेल अशा कोळ्यांना, तोच रोग झाल्याचें उघड झालें. येथेंहि कंपनीनें दुसरें कारण सांगितलें: १९६४ च्या भूकंपांत गोदामांतील शेतीचीं औषधें वाहून आलीं. रोगी १९६७ सालीं न्यायालयांत गेले, आणि २९ सप्टेंबर १९७१ च्या निकालांत न्यायाधीशांनीं पुराव्याचें एक तत्त्व सांगितलें. विषाची वाट रोग्यांनीं कारखान्याच्या दारापर्यंत मागोवा घेत आणून दाखविली कीं त्यांचें काम झालें. दाराच्या आंत काय घडतें तें ज्यास ठाऊक आहे, त्यानेंच आपण निर्दोष असल्याचें सिद्ध करावें. आमच्या मतें सांडपाण्याच्या प्रश्नावर जगांत जे निकाल झाले, त्यांत याचें स्थान फार वरचें आहे. ज्याच्या हातीं किल्ली, त्याच्याच अंगावर झडतीचा भार त्यानें टाकला.

मिनामाता येथें ही क्रिया मे १९६८ मध्यें बंद झाली, ती रीत जुनी झाली म्हणून. चार महिन्यांनीं, २६ सप्टेंबर १९६८ रोजीं, सरकारनें दोन्ही ठिकाणच्या रोगांचें कारण अधिकृतपणें मान्य केलें. पहिल्या वर्दीपासून बारा वर्षें लोटलीं होतीं. आजवर दोन्ही ठिकाणचे मिळून सुमारे ३,००० लोक अधिकृत रोगी म्हणून नोंदले गेले. त्या नोंदीबाहेर राहून पुढें तडजोडीनें किंवा कायद्यानें ज्यांना मदत मिळाली, त्यांची संख्या हजारोंनीं मोजावी लागते.

कारखाना थांबला, पण गाळ तेथेंच होता. उपसागरांत गेलेला पारा ७० ते १५० टन किंवा त्याहूनहि अधिक असावा असा अंदाज आहे. कांहीं ठिकाणीं दूषित थर ४ मीटर जाड होता. १९६९ सालीं स्वीडनमधील येन्सेन व येर्नेलोव्ह यांनीं दाखविलें कीं, तळच्या गाळांतील सूक्ष्म जीव निरिंद्रिय पाऱ्यापासून मिथिल पारा तयार करूं शकतात. म्हणजे तळाशीं निपचित पडलेला पाराहि कायमचा निरुपद्रवी नसतो. गाळ हा साक्षीदार असतो तसाच तो विषाचें कोठारहि असतो.

तो काढावयाचा कसा, हा प्रश्न सोपा नव्हता. उपसतांना ढवळला तर बसलेलें विष पुन्हां पाण्यांत चढावयाचें. या भीतीनेंच कांहीं रहिवाशांनीं कोर्टांत जाऊन काम थांबविण्याची मागणी केली होती. १९७४ सालापासून उपसागराच्या तोंडावर जाळीं लावून आंतली मासळी बाहेर जाऊं नये अशी व्यवस्था केली होती. आंत पकडलेले मासे पिंपांत भरून पुरीत. १९७७ सालीं मुख्य काम सुरू झालें. दशलक्ष भागांत २५ भागांहून अधिक पारा असलेला सुमारे १५ लक्ष घनमीटर गाळ हें लक्ष्य होतें. सर्वांत दूषित असा आंतला भाग पोलादी कड्यांच्या भिंतीनें तोडला; बाहेरचा गाळ न ढवळतां शोषून त्यांत आणून टाकला; त्यावर कृत्रिम धाग्याचें कापड, मग हलकी ज्वालामुखी माती, आणि सर्वांवर डोंगरची स्वच्छ माती पसरली. हें काम १९९० सालापर्यंत चाललें आणि त्याला सुमारे ४८५० कोटि येन लागले. समुद्राच्या जागीं ५८ हेक्टर जमीन झाली. १९९७ सालीं प्रांताच्या राज्यपालांनीं मासळी सुरक्षित असल्याचें जाहीर केलें व जाळीं काढलीं.

या उपायाचें नांव शुद्धीकरण असें असलें तरी खरें पाहतां तें दफन होय. धातूला जाळून राख करतां येत नाहीं, कुजवून माती करतां येत नाहीं. त्याची जागा तेवढी बदलतां येते. त्या जमिनीवर आज बाग आहे, झाडें आहेत, रोग्यांनीं व त्यांच्या आप्तांनीं कोरलेल्या लहान लहान दगडी मूर्ति समुद्राकडे तोंड करून बसल्या आहेत. आणि खालीं पारा आहे. पोलादी भिंत खाऱ्या पाण्यांत झिजते, तेव्हां तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पहारा ठेवणें भाग आहे.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. कारखान्याच्या बाजूनें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे: शास्त्रांत घाई चालत नाहीं, आणि चुकीच्या संशयावर हजारों माणसांची रोजी बुडविणें हाहि अन्यायच होय. मँगेनीज, सेलेनियम, थॅलियम यांवरचे संशय खोटे ठरले हें खरें. परंतु ते खोटे ठरत असतांनाहि एक गोष्ट अढळ होती: विष कोणतेंहि असो, तें त्या उपसागराच्या मासळींत होतें. द्रव्याचें नांव कळण्यास १९५९ उजाडलें, त्याची उत्पत्ति कळण्यास १९६३. पण मासळी थांबविण्यास १९५७ चा पुरावा पुरेसा होता. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानें १५ ऑक्टोबर २००४ रोजीं सरकारला व प्रांताला जबाबदार धरलें, तें याच विचारानें. १९५९ च्या अखेरीस सांडपाण्यांतील एकूण पारा मोजण्याची सोय होती आणि पाणी थांबविण्याचा कायदाहि होता, तरी तो वापरला नाहीं, हा त्या निकालाचा आशय आहे. मिथिल पारा नेमका मोजण्याचीं साधनें पुढें आलीं. पण सरकारला त्यांची वाट पाहण्याचें कारण नव्हतें.

पुरावा हा एका उंचीचा नसतो. नांव ठेवण्यास एक लागतो, शिक्षा देण्यास दुसरा, आणि नुसतें थांबा म्हणण्यास तिसरा. हा तिसरा पुरावा सर्वांत लहान असला तरी चालतो, कारण थांबलेलें काम पुन्हां सुरू करतां येतें. मेलेल्या पेशी पुन्हां जिवंत होत नाहींत.

१९५९ नंतर जगाला कांहीं शहाणपण आलें आहे. पाऱ्यावर नियंत्रण घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं कुमामोतो येथेंच मान्य झाला. त्याला मिनामाताचें नांव दिलें गेलें, तो २०१७ पासून अमलांत आला आणि आपल्या देशानें २०१८ सालीं त्यास संमति दिली. आपल्याकडेहि मिठाच्या पाण्यापासून कॉस्टिक सोडा काढतांना पाऱ्याचे घट कित्येक वर्षें वापरांत होते, तेव्हां हा प्रश्न परकीयांचाच आहे असें मानण्याचें कारण नाहीं. आपल्या नद्यांच्या कांठीं कारखान्यांच्या मोऱ्या आहेत आणि पाण्याच्या बाटल्या भरून नेणारे परीक्षकहि आहेत. त्यांनीं बाटलीबरोबर मोरीच्या मुखापासून खालच्या अंगाला ठराविक अंतरावरचा मूठ मूठ गाळ नेला, त्याचें पृथक्करण दर वर्षीं करून तें लोकांपुढें ठेवलें, आणि आंकडा चढूं लागतांच नांव-गांव ठरण्याची वाट न पाहतां मोरी बंद केली, तर मिनामाताच्या मुलांचें ऋण आपण थोडेंबहुत फेडलें असें होईल.